ताप उतरल्यावर

निलेशचा ताप उतरला, त्याच दुपारी मी लालबाग सोडलं. डब्लिनच्या एका रुग्णालयात नर्सची नोकरी लागली होती, तिकीट आधीच काढलेलं. माझा हा धाकटा भाऊ चाळीच्या गॅलरीत चादर गुंडाळून बसला होता. आई म्हणाली, "ताप उतरलो हा, बाय. जा तू आता."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरं सांभाळायचं असतं, हे परळच्या वॉर्डात मी कितीतरी नातेवाइकांना सांगितलं होतं. त्यालाही सांगितलं, "उद्या परत रक्त तपासून घे. पोट दुखलं तर लगेच अ‍ॅडमिट हो."

"हो गं. निघ, टॅक्सी थांबलीय."

मी डब्लिनला पोहोचले तेव्हा तो आयसीयूत होता. तिसऱ्या दिवशी गेला. आई फोनवर म्हणाली, "आता येऊन काय करशील?" मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर झाले.

आमच्या चाळीत पाणी सकाळी तासभर येतं, म्हणून प्रत्येक दारात पिंप. शेजारी रखडलेल्या टॉवरचा खड्डा, तोही पाण्याने भरलेला. पाऊस हल्ली ऑक्टोबरातही रेंगाळतो, मध्येच कडक ऊन पडतं. डासांना याहून काय हवं? निलेशनंतर पालिकेचा माणूस आला. आमच्या पिंपातल्या वळवळत्या अळ्या त्याने बाबांना दाखवल्या. बाबा एवढंच म्हणाले, "रोज मीच भरायचो." आता ते दर रविवारी पिंप घासून उन्हात पालथं घालतात.

डब्लिनलाही सारखा पाऊस पडतो. पाणी साचतं. थंडीमुळे त्यातून डेंग्यू पसरत नाही. मी ती डबकी ओलांडून कामावर जाते.

गेल्या वर्षी शेजारच्या कदम काकूंचा फोन आला. "नातीचा ताप गेलाय, पण सारखी ओकतेय. सगळे म्हणतात, उद्या बघू."

"उद्या नाही, काकू. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

मुलगी वाचली. काकू रडत होत्या. मी "बरं झालं" म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

त्यानंतर चाळीतले बाकीचेही फोन करू लागले. घर कुठे, असं कोणी विचारलं की मी डब्लिनचा पत्ता सांगते. पण आमच्या मजल्यावरच्या बावीस खोल्यांत कुणाच्या तापाचा आज कितवा दिवस आहे, ते मला पाठ असतं.