काडी पुसून बघ

बाबांच्या मोटरसायकलची निगा त्यांच्या बायकोपेक्षा जास्त राखली गेली, असं आई म्हणते, आणि बाबा ते कधी नाकारत नाहीत. परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायला आलो, त्या वर्षी त्यांनी ती घेतली. ऑफिसात ते साधे कारकून होते, पण रविवारी पार्किंगमध्ये गाडी खोलून बसले की त्यांचा रुबाब बघण्यासारखा असायचा. मी शेजारी बसून पाने पुढे करायचे. इंजिन ऑइल कसं ओतायचं हे मला सायकल यायच्या आधीपासून येतंय. झाकण उघडायचं, झाकणालाच लावलेली काडी फडक्याला पुसायची, परत बुडवायची, तेल कुठल्या खुणेपर्यंत आलंय ते बघायचं आणि मगच ओतायचं.

"न बघता ओततो तो गाढव," असं बाबा दर वेळी म्हणायचे. मी मान डोलवायचे.

गेल्या दिवाळीनंतर ही गाडी गळायला लागली. बाबा रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवायचे आणि सकाळी त्यावरचे डाग बघायचे. डाग वाढतच होते. मग मी आता वेगळी राहते तिथल्या, केबिन रोडच्या मेकॅनिकने ऑइल सील बदललं. गळती थांबली नाही. त्याने वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, तरी पुठ्ठा ओलाच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगला नुकत्याच नव्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या, त्यामुळे त्यांचे फोन आधी बाबांना आणि मग थेट मला यायला लागले.

"विकून टाका ती," मी एकदा फोनवर ओरडले.

"तू काय, बापालाही विकशील," बाबा ओरडले आणि फोन ठेवला. राग आमच्या दोघांच्याही नाकावर असतो. आई म्हणते, तुमच्या दोघांच्या मध्ये राहून मी बहिरी व्हायला आले.

खरं सांगायचं तर गाडी विकली जावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. रिटायर झाल्यापासून बाबांचं जग हळूहळू आटत चाललं होतं. काही मित्र वारले, काही आपापल्या मुलांकडे पुण्याला गेले. राहिली होती ती रविवारची पालीची फेरी. उत्तनवरून समुद्रकाठच्या पालीला जायचं, तिथल्या एका मासेवाल्या मावशीशी बोंबलांच्या भावावरून भांडायचं आणि पिशवी हँडलला लावून परत यायचं. ती फेरी बंद झाली तर बाबाही बंद पडतील, अशी मला भीती होती. म्हणून त्या रविवारी मी जुना ड्रेस घालून त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, चला, आपणच बघू.

बाबा खूश झाले. आम्ही डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन इंजिन असं घासलं, की ते शोरूममधून आल्यासारखं दिसायला लागलं. मग आईच्या टाल्कम पावडरचा डबा त्यावर रिकामा केला. गळती शोधायची ही बाबांची जुनी युक्ती. पांढऱ्या पावडरवर तेलाचा ओघळ उमटतो, आणि तो वर जिथे सुरू होतो तिथे दुखणं असतं. गाडी चालू करून आम्ही दोघं वाकून बघत बसलो. पार्किंगभर बाळाच्या बारशासारखा वास सुटला होता.

ओघळ उमटला, पण एक नाही. चेनच्या बाजूने एक आला, वरच्या झाकणाखालून दुसरा, आणि इंजिनाला श्वास घ्यायला जी रबरी नळी असते तिच्यातूनही तेल ठिबकायला लागलं.

"सगळी सीलं गेली एकदम," बाबा म्हणाले. "डुप्लिकेट माल घालतात, हरामखोर."

एकदम सगळी कशी जातील, हे मला पटेना. मी गाडी बंद केली, तेल खाली बसू दिलं आणि सवयीने झाकण उघडलं. काडी पुसली, बुडवली, वर काढली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर, पार झाकणाच्या आट्यांपर्यंत आलं होतं.

इतक्या दिवसांत काडी कोणीच बघितली नव्हती. गळणाऱ्या इंजिनात तेल कमीच असणार, हे मेकॅनिकनेही धरून चाललं आणि मीही. जास्त तेल झालं की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. सीलं चांगलीच होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार झाला होता.

मी परात खाली सरकवून खालचा नट सैल केला. काळं तेल येतच राहिलं.

"बाबा, हे एवढं तेल कोणी ओतलं?"

त्यांनी परातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी याआधी कधी बघितलं नव्हतं. ते गोंधळले होते, आणि गोंधळल्याचं त्यांना लपवायचं होतं.

"कोणीतरी ओततंय," ते म्हणाले. "मुद्दाम. माझ्या गाडीवर डोळा आहे."

मी वर गेले. आई भाजी निवडत होती. गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे, ऑइलच्या रिकाम्या बाटल्यांनी भरलेली गोणी होती.

"दर दोन दिवसांनी आणतात," आई म्हणाली. "मला वाटलं, म्हातारी गाडी आहे, तेल पीत असेल." आणि मग भाजीवरून डोळे न उचलता, "चहाही दोनदा मागतात. मी देते. अर्धा अर्धा करून देते, म्हणजे कळत नाही त्यांना."

"आई, मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? तू ओरडशील त्यांच्यावर."

तेवढ्यात खालून बाबांचा आवाज ऐकू आला. मी जिन्याने धावत उतरले. बाबा वॉचमनच्या समोर उभे राहून त्याच्यावर बोट रोखत होते. हा वॉचमन सकाळी सकाळी आमच्या तेलावर भुसा टाकून फरशी पुसणारा माणूस. तो हात जोडून म्हणत होता, "अंकल, मैं क्यूँ डालेगा तेल? मेरा क्या फायदा?"

सेक्रेटरीही आले होते आणि वॉचमन बदलायला त्यांना निमित्तच हवं होतं. "काका, आप टेन्शन मत लो. मैं अभी एजन्सी को फोन करता हूँ. कल से दूसरा आदमी आएगा." त्यांनी मोबाइल काढलाच.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शंभरदा वापरली असेन. त्या दिवशी संन्यासी समोर रडकुंडीला आला होता आणि चोर माझा बाप होता, ज्याला आपण चोर आहोत हेच ठाऊक नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हीच ओतताय. ओतता आणि विसरता. वर बाटल्या आहेत."

मी मराठीत बोलले होते, हळू आवाजात, फक्त त्यांना कळावं म्हणून. पण सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "क्या हुआ मॅडम? क्या बोला?"

आणि मला तेच पुन्हा म्हणावं लागलं, सगळ्यांना कळेल अशा भाषेत. "बाबा खुद डालते हैं. डालके भूल जाते हैं. वॉचमन का कोई कसूर नहीं." एकदा बोलताना जीव गेला होता, दुसऱ्यांदा तर मला माझाच तिरस्कार वाटला.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फडक्याला हात पुसले, वॉचमनला "माफ करना" म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. पाने तसेच फरशीवर पडले होते. आयुष्यात कधी त्यांनी एक पाना खाली टाकून घर गाठलेलं मला आठवत नाही.

मी एकटीने काम पुरं केलं. तेल खुणेपर्यंत आणलं, नट आवळला, पावडर पुसून काढली आणि गाडी अर्धा तास चालू ठेवली. खालचा पुठ्ठा कोरडा राहिला. गळती थांबली होती आणि मला तिथेच बसून रडू येत होतं. वॉचमनने पाण्याची बाटली आणून दिली.

वर गेले तेव्हा बाबा गॅलरीत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी एक नवी, सील न फोडलेली ऑइलची बाटली माझ्या हातात दिली. गाडीची चावीही दिली.

"तुझ्याकडे ठेव. पालीला तू चालव, मी मागे बसेन."

"बरं. आणि डॉक्टरकडेही जाऊ या."

"जाऊ." मग ते खालच्या रिक्षांकडे बघत म्हणाले, "पण मी तुला फोन करून विचारेन, ऑइल बघितलंस का म्हणून. परत परत विचारेन, ते माझ्या हातात नाही. तेव्हा तू चिडत जा."

"बाबा, असं काय बोलता? मी आता कशाला चिडेन?"

"नाही, चिडच. तुझी आई चिडत नाही. ती अर्धा अर्धा चहा देते, म्हणून मला कळतच नाही की आधी प्यायलोय. तू चिडलीस की मला कळेल, विचारून झालंय."

म्हणजे चहाचंही त्यांना कळलं होतं. कधीतरी, मधल्याच एखाद्या लख्ख क्षणी.

डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. आम्ही रविवारी पालीला जातो. मागे बसून बाबा मला गिअर कधी टाकायचा ते सांगतात, आणि मावशीशी भावावरून भांडण अजून तेच करतात.

काल संध्याकाळी मी केबिन रोडवर भाजी घेत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. "ऑइल बघितलंस का गं?" बघितलं, बरोबर आहे, म्हटलं. कोथिंबीर घेईपर्यंत परत फोन आला. मग घराच्या दारात कुलूप काढताना आणखी एक. तोच प्रश्न, तोच आवाज, तीच काळजी. आयुष्यभर मला राग कधी बोलवावा लागला नव्हता, आणि आता तो येईना. मी पिशवी खाली ठेवली, श्वास घेतला आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले, "बाबा, आत्ताच सांगितलं ना! किती वेळा विचारताय?"

"हां," बाबा म्हणाले, "मग ठीक आहे."