टॉवेलचं आतडं

“चावा. गिळायचं न्हाय अजून. आता सांगा, गोड लागलं का?”

ज्वारीच्या भाकरीचा तुकडा उंच धरून आमच्या प्रयोगशाळेचे मामा सातवीच्या वर्गाला हे विचारायचे. पोरं गाल फुगवून चावत राहायची. मग एखादी मुलगी डोळे मोठे करून मान हलवायची. “लागलं की!” मामा म्हणायचे. “लाळेनं पिठाची साखर केली. पचन तोंडातच सुरू झालं बघा.”

मामा शिपाई होते. आधी टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. तो बंद पडला तेव्हा शाळेत आले. विज्ञान मी शिकवायचो. म्हणजे फळ्यावर आकृती काढून बाण दाखवायचो. तुम्हीही अशाच एखाद्या वर्गात बसला असाल. बाण आठवतात, बाकी काही आठवत नाही.

एकदा लहान आतड्याची आतली बाजू काढली होती. तास संपल्यावर मामा फळ्यासमोर थांबले.

“सर, हे आतले बारीक उंचवटे कशाला?”

“अन्नरस जास्त शोषता यावा म्हणून.”

“मग ह्यो टॉवेलच हाय की! उभे धागे असतात म्हणून तर पाणी ओढतंय.”

इतकी वर्षं शिकवून मला ते दिसलं नव्हतं.

पंधरा दिवसांत त्यांनी आतडं शिवून आणलं. पांढरी अन्ननलिका, लाल कापडाची जठराची पिशवी, मग जुने टॉवेल जोडून केलेली सहा-सात मीटरची नळी, उभे धागे आत. शेवटी जाड, आखूड मोठं आतडं. तेव्हापासून पचनाच्या तासाला मी मामांनाच बोलवायचो. पोरं ओळीनं उभी राहून ते धरायची.

“मामा, लहान म्हणायचं आन् एवढं लांब?”

“नाव जाडीवरनं पडलंय, बाळा. घाई न्हाय, रस्ता लई लांब हाय.”

गुदद्वाराचं टोक मात्र कुणी धरायचं नाही. हसून हसून वर्ग लोळायचा. “हसा. दोन दिवस बंद राहू दे, मग कळंल,” असं म्हणत मामा ते स्वतः धरायचे. दर वर्षी.

एका वर्षी तपासणीला आलेले साहेब तो तास बघून खूश झाले. टॉवेलवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, “कल्पना कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो.

“आणि हे?”

“शिपाई आहेत. टोक धरायला बोलावलंय.”

का म्हणालो? माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. इतकंच.

साहेब बाहेर पडेपर्यंत मामांनी टोक सोडलं नाही. मग नळी नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. “घ्या, साहेब.”

त्या दिवसापर्यंत मी ‘सर’ होतो.

विज्ञान प्रदर्शनात आतड्याला बक्षीस मिळालं. माझ्या नावाचं प्रशस्तिपत्र प्रयोगशाळेत लागलं. मामा रोज त्याची काच पुसायचे, इतर काचा पुसायचे तशीच. पुढच्या वर्षी मी वर्गात बोलावलं, तर म्हणाले, “न्हाय साहेब. शिपायाचं काय काम तितं?”

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या वेळेवर येण्याबद्दल बोललो. नंतर त्यांनी डब्यातली भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. “चावा, साहेब.” सगळं बोलून टाकावं असं ओठांवर आलं होतं. मी घास घाईघाईनं गिळला.

“गोड लागायच्या आतच गिळलंत की,” ते म्हणाले, आणि सात रस्ता चौकात आपल्या गावाची, मंद्रूपची, एसटी धरायला निघाले.

गेल्या वर्षी मामा वारले. मला महिन्याभरानं कळलं.

यंदा तोच तास होता. एका मुलीनं टॉवेल उलगडून बघितला. “सर, हे तुम्हांला कसं सुचलं?”

“मला नाही. मामांना सुचलं.”

“कोण मामा?”

वर्गातल्या एकानंही त्यांना पाहिलेलं नव्हतं. पोरांनी नळी ओळीनं धरली होती. शेवटचं टोक फरशीवर पडलेलं होतं.