सोललेले दाणे

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या आळीत कुणाकडंही बोरन्हाण असलं की मी आधी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरते. लेकराच्या डोक्यावर ओतायचं पातेलं पुढ्यात ओढते आणि त्यातले शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, गोळ्या वेचून बाहेर काढते. मोठाली बोरं आणि थोडे चुरमुरे तेवढे ठेवते, आणि तेही ओतून झाले की बाळाच्या हाताला लागायच्या आत झाडून घ्यायला लावते. बायका नाकं मुरडतात. एकीनं तर तोंडावर विचारलं, "तुमाला तपासणीला बोलवलंय का?" मी म्हटलं, "न बोलावता आलेय." माझी जीभ मुळातच तिखट, त्यात या एका बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही. कारण माझ्या लेकीचं बोरन्हाण मी पाहिलं आहे.

ती तेव्हा सव्वा वर्षाची होती. बोरी बुद्रुकला आमच्या सासरी कितीतरी वर्षांनी पाळणा हलला होता, त्यामुळे सासूबाईंचा उत्साह उतू चालला होता. काळं झबलं त्यांनी स्वतः शिवलं, हलव्याचे दागिने नारायणगावातून आणवले. आमच्याकडं बोरन्हाणात शेंगा अख्ख्याच ओततात. पण त्यांना वाटलं, टरफलं लेकराच्या डोक्याला टोचतील. म्हणून आदल्या दिवशी त्या ओसरीवर बसून शेंगा फोडत राहिल्या. दाणे भाजले, चोळून सालं काढली, पाखडून घेतले. पांढरेशुभ्र, निम्मेअधिक दाणे दोन फाकी झालेले. मला दाखवून म्हणाल्या, "बघ, आता फुलावानी पडतील."

दुपारी पोरीला पाटावर बसवलं. सासूबाईंनी पातेलं उपडं केलं, आळीतली पोरं बोरं लुटायला तुटून पडली, आणि त्या गलक्यात माझी लेक तोंडभर हसली. हसता हसताच तिनं दाण्यांची मूठ तोंडात घातली. दुसऱ्या क्षणी तिला ठसका लागला. साधा नव्हे, चेहरा लाल, मग काळपट, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "वर बघ, वर बघ, चिमणी बघ!" म्हणत सगळ्या बायका वर हात करू लागल्या. कुणी टाळूवर फुंकर घातली. शेजारची एक काकू तिच्या घशात बोट घालायला निघाली, तिचा हात मी हिसडून टाकला आणि पोरीला उचलून पुढं वाकवून धरलं. ती खोकत राहिली, खोकत राहिली, आणि एकदम तिनं भोकाड पसरलं. सगळ्यांनी श्वास सोडला. "मामानं आठवन काढली आसंल," सासूबाई म्हणाल्या, आणि काही अडकलं असेल तर खाली जाईल म्हणून त्यांनी तिला कुस्करलेलं केळं भरवलं. मग फोटो झाले, तिळगूळ झाला, बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या.

दिवेलागणीला ती माझ्या खांद्यावर झोपली तेव्हा मला ते ऐकू आलं. श्वास सोडताना बारीक शिट्टी. मी नवऱ्याला ऐकवली. तो म्हणाला सर्दी असेल. सासूबाई म्हणाल्या, "थंडी काय कमी पडलीय का? वेखंड लावते, सकाळपत्तर मोकळी व्हईल." वेखंड लावलं, ओव्याची पुरचुंडी शेकली. शिट्टी काही गेली नाही. नाक कोरडं, अंगात ताप नाही, आणि म्हणे सर्दी! दुपारपर्यंत धडधाकट असलेल्या पोरीला ठसक्यानंतरच शिट्टी का सुटावी, एवढं मी विचारलं तर दोघं माझ्यावरच उलटले. "पैलटकरीन हाय, घाबरती," असं माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलणं झालं. मला इतका राग आला होता की मी रात्री जेवले नाही आणि पोरीला उभी धरून भिंतीला टेकून बसले.

सकाळी नवऱ्याला कांद्याला पाणी द्यायचं होतं. मी म्हटलं, "कांदे राहतील. मी निघाले." तेव्हा तो मुकाट्यानं गाडी काढायला उठला. सासूबाईही लुगड्याचा पदर खोचून मागं बसल्या.

नारायणगावच्या मुलांच्या डॉक्टरांनी नळी आधी डाव्या बाजूला लावली, मग उजव्या, मग परत डाव्या. त्यांचा चेहरा बदलला. "काही खाताना ठसका लागला होता?"

"न्हाई, न्हाई," सासूबाई माझ्या आधी बोलल्या. "ठसकाबिसका काय न्हाई व्हता. थंडी बाधलीय नुसती."

काल मामानं आठवण काढली म्हणणारी हीच बाई! "लागला होता," मी म्हटलं. "शेंगदाण्याचा. काळीनिळी झाली होती." सासूबाईंनी मान खाली घातली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिथं डॉक्टरांसमोर मी आणखी काय बोलणार?

छातीचा एक्स-रे काढला. त्यात काहीच दिसलं नाही. नवऱ्याचा चेहरा खुलला, सासूबाईंनी हात जोडले, दोघांचीही घरी निघायची तयारी झाली. डॉक्टर म्हणाले, "बसा. नाणं गिळलं असतं तर दिसलं असतं. दाणा एक्स-रेत दिसत नाही. उजव्या बाजूला हवा कमी जातेय आणि आई सांगतायत ठसका लागला होता, मला एवढं पुरेसं आहे. तो फुफ्फुसाच्या वाटेत बसलाय. ओलाव्यानं फुगतो, आणि हलला तर दोन्ही फुफ्फुसांच्या वाटा बंद करू शकतो. आजच पुण्याला दुर्बीण घालून काढायला हवा." आमच्या गाडीनं त्यांनी जाऊ दिलं नाही, ऑक्सिजनची रुग्णवाहिका बोलावली. मला बजावलं की भूल द्यायची आहे, तेव्हा आता दूध नाही, पाणीसुद्धा नाही. मांडीवर उभीच धरायची, आडवी करायची नाही. पाठीत धपाटे नकोत, घशात बोट नको. खोकली तर खोकू द्यायचं. आणि होता होईल तो रडू द्यायचं नाही.

भुकेल्या पोरीला दूध न देता रडू द्यायचं नाही म्हणजे काय, हे ज्या आईनं केलंय तिलाच कळेल. नवरा पुढं ड्रायव्हरशेजारी. मागं मी, मांडीवर ती, समोर गाडीतली परिचारिका, आणि शेजारी सासूबाई. मंचर येईपर्यंत मी खिडकीतले ट्रक दाखवले. खेडपर्यंत बांगड्या वाजवल्या. ती माझा पदर ओढत होती, मी पदर सोडवून घेत होते आणि श्श् श्श् करत होते. छाती दुधानं दाटून दुखत होती. सासूबाई तिच्या पाठीला कान लावून बसल्या होत्या. थोड्या थोड्या वेळानं म्हणायच्या, "हाय. शिट्टी हाय."

चाकणला गाड्यांची रांग लागली. सायरन वाजत होता आणि पुढं हलायला जागाच नव्हती. सासूबाईंनी कान उचलला. "शिट्टी थांबली गं."

बरं म्हणायचं की वाईट? मी परिचारिकेकडं बघितलं, ती जागची उठली. तेवढ्यात पोरीनं आचका दिला. खोकला आला पण त्याला आवाज नव्हता. तोंड उघडं, डोळे माझ्याकडं लागलेले, ओठ जांभळे. परिचारिकेनं तिला माझ्या हातावर पुढं झुकवलं. सासूबाईंचा हात तिच्या तोंडाकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. तो हात त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. श्वास पुरताच अडलेला बघून परिचारिकेनं तिच्या पाठीवर मारायला तळवा उचलला, आणि तेवढ्यात एक जोरदार खोकला फुटला, मग दुसरा. मग श्वास, आणि त्यात ती शिट्टी. आदल्या संध्याकाळपासून जी ऐकून माझा जीव जात होता, ती ऐकून मला हुंदका आला. तोंडावर ऑक्सिजनची नळी धरून आम्ही पुढं निघालो.

पुण्यात तिला माझ्या हातातून घेऊन गेले आणि दार बंद झालं. नवरा दाराशी उभा राहिला. मी बाकावर बसून सासूबाईंना काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. सगळं तयार होतं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले निघाला, आणि त्यांनी छोटी डबी पुढं केली. तिच्यात दाण्याची एक फाक होती, पांढरी, फुगलेली.

सासूबाई भिंत धरून खाली बसल्या. "मीच सोलला गं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला खोटं बोलले. व्हय म्हनायला जीभच उचलंना. व्हय म्हनले आसते तर मीच मारलं आसं झालं आसतं." जुळवलेलं एकही वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. राग होताच, पण त्या बाईला त्यात आणखी काय ढकलायचं? मी खाली बसून त्यांना हाताला धरून उठवलं.

पुष्कळ वेळानं पोरीला बाहेर आणलं. घसा बसलेला, भूल उतरत असलेली, भुकेनं बेजार. मला बघितलं आणि तिनं जे रडणं सुरू केलं ते त्या अख्ख्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. मी सवयीनं तिला थोपटायला लागले, "श्श्, श्श्, उगी उगी."

सासूबाईंनी माझा हात धरला. "नको गप करू," त्या म्हणाल्या. "रडू दे. रडू दे तिला."