निळ्या डिंकाची कोप

कुठल्याही वाळवंटात एकट्याला सोडून दिलं, तर महिन्याभरानं चार किलो वजन वाढवून परत येईल असा पृथ्वीवर एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. लातुरात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, साठीला दोन वर्षं कमी आहेत, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला असतो; पण ही झाली वरवरची ओळख. त्यांचा खरा मुक्काम असतो कॉम्प्युटरमधल्या वाळवंटात. मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागे राहिला आणि त्यात एक ऑनलाइन खेळ राहिला. या खेळात जगभरची माणसं एका रखरखीत वाळवंटात उतरतात. तहान, वादळं आणि लुटारू यांच्यातून जीव वाचवतात आणि दुर्मीळ जिनसा गोळा करून त्यांतून घरं, हत्यारं, गाड्या बनवतात. साडूंनी कॉम्प्युटर नुसता पुसायला म्हणून चालू केला होता. त्याला दोन वर्षं झाली, अजून पुसून व्हायचा आहे.

नवा खेळाडू म्हणे पहिल्या तासातच तहानेनं मरतो. साडू आजवर एकदाही तहानेनं मेलेले नाहीत. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ज्यानं उभा संसार केला, त्याला कसलं वाळवंट घालता! बाकीचे लोक उतरल्याबरोबर भिंती बांधतात, तलवारी घडवतात. साडूंनी आधी बावीस टाक्या बांधल्या, त्याही झाकणाच्या. पोलंडची एक नर्स त्यांची त्या खेळातली शेजारीण आहे. मोबाइलवर भाषांतर करून करून दोघांचं बोलणं चालतं. तिनं विचारलं, भिंत का नाही? साडूंनी कळवलं, "भिंत नसली तर चोर येतंय. पानी नसलं तर चोरबी येत न्हाई." ब्राझीलच्या एका ट्रक ड्रायव्हरनं तापलेली गाडी गार करायला तिच्यावर टाकीभर पाणी ओतलं, तेव्हा साडू त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. "माज हाय," एवढंच म्हणाले.

खेळायला बसताना ते डोक्याला रुमाल गुंडाळतात, कारण तिकडे ऊन असतं. पडद्यावरचा त्यांचा गडी पाणी प्यायला की हेही तांब्या तोंडाला लावतात. त्यामुळे दुपारभरात चार-पाचदा उठावं लागतं, आणि त्या वेळेत गड्याला कोणी ना कोणी मारून जातं. घरात शंकराची भक्ती पिढ्यानपिढ्यांची आणि सोमवारी औत न जुंपण्याची रीत, म्हणून सोमवारी खेळातलं वाळू उपसायचं यंत्रही बंद. मी एकदा म्हणालो, "साडूभाऊ, अहो त्याला बैल कुठं आहेत?" त्यावर शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, बैल न्हाईत म्हनून सोमवार बदलतोय व्हय?" मी नांदेडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, अडीअडचणीला पुस्तक बघायची सोय आहे. पण हे कुठल्या पुस्तकात बघायचं तेही कळलं नाही.

आता निळ्या डिंकाविषयी सांगायला हवं. त्या वाळवंटातली ही सगळ्यांत दुर्मीळ जिन्नस. वादळ ओसरलं की खडकांच्या भेगांत तो काही मिनिटं चमकतो, मग वाळून जातो. तेवढ्यात गाठायचा, तेही लुटारू टपलेले असताना. उडतं यंत्र याच डिंकापासून बनतं आणि प्रत्येक खेळाडूचं स्वप्न तेच असतं. साडू डिंक गोळा करण्याला येचणी म्हणतात, आणि कापूस वेचावा तसाच ओळीनं वेचतात. प्रत्येक भेगेत थोडा शिल्लक ठेवतात, पाखरांसाठी. "खेळात पाखरं न्हाईत, मला म्हाईत हाय," ते म्हणाले, "पर हाताला म्हाईत न्हाई." असा आठ महिने जपून जपून त्यांनी उडत्या यंत्रापुरता डिंक साठवला होता. पोलंड आणि ब्राझील दोघांनाही पहिल्या फेरीत बसवायचं ठरलेलं होतं.

अशात डिसेंबरमध्ये त्यांचा फोन आला. "येळवसला या. शेतात."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा आणि बांधावरून जाईल त्या माणसाला, ओळख असो नसो, हाताला धरून जेवायला बसवायचं. साडूंचं चाकूरकडे तीन एकर होतं आणि लग्न झाल्यापासून आमची येळवस तिथंच व्हायची. बांधावर उभं राहून अनोळखी मोटारसायकलवाल्यांना अडवणं हे साडूंचं खास काम. एकदा त्यांनी लग्नाला निघालेली आख्खी जीप थांबवून नवरदेवाला आंबील पाजली होती. चार वर्षांपूर्वी ते शेत नव्या रस्त्यात गेलं. तेव्हापासून येळवसला त्यांचा फोन यायचा बंद झाला. लोक बोलवायचे, पण हे दार लावून घरी बसायचे. "दुसऱ्याच्या कोपीत मी काय पाव्हणा म्हनून जाऊ?" म्हणायचे. म्हणून मला वाटलं, साडूंनी कुठं तरी जमीन घेतली. मी शेतात चालायला नवे बूट घेतले.

घरी पोचलो तर साडूंनी आम्हाला कॉम्प्युटरपुढं सतरंजीवर बसवलं. माझी मेहुणी, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बूट भाईर काडा. तिकडची वाळू घरात नको." पडद्यावर बघतो तर पिवळ्या वाळूत एक निळी कोप उभी होती आणि तिच्यात पाच दगड. त्या खेळात कडब्यासारखी वाकणारी, झोपडीचा आकार धरणारी जिन्नस एकच होती. आठ महिन्यांचा सगळा डिंक त्यांनी एका दिवसाच्या कोपीला लावला होता.

"अहो, उडतं यंत्र?" मी ओरडलो.

"त्येच्यात दोघंच बसत्यात," साडू म्हणाले.

त्याहून भयंकर पुढंच होतं. खेळात घराभोवती एक अदृश्य कुंपण घालता येतं, तेही त्यांनी काढून टाकलं होतं. वर सगळ्या खेळाडूंना दिसेल असं जाहीर केलं होतं, की उद्या दुपारी माझ्या शेतात जेवण आहे, सगळ्यांनी या. सोबत रस्त्याची खूण. पोलंडनं तीनदा बजावलं होतं, हे लुटारूही वाचतात. साडूंनी तिला उत्तर दिलं होतं, "वाचू द्या की. त्येंलाबी भूक लागती."

बारा वाजले. साडूंचा गडी बांधावर, म्हणजे वाळूच्या एका उंचवट्यावर, जाऊन उभा राहिला. कोणी आलं नाही. साडेबारा झाले. आमच्यापुढं ताटं वाढलेली, पण कोणाचा हात चालेना. साडू रुमालाचं टोक पिळत होते. माझी बायको हळूच म्हणाली, "दाजी, तिकडं पहाट असंल अजून." ते नुसते "हाव" म्हणाले. या माणसाची मी दोन वर्षं टिंगल केली होती, पण त्या वेळी कोणी तरी यावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मग डोळे चोळत यावी तशी पोलंडची नर्स आली. तिच्यामागून ब्राझील. आणि त्याच्यामागून धुळीचा एवढा मोठा लोट.

लुटारूंच्या सात गाड्या होत्या. साडू ताडकन उठून उभे राहिले, पडद्यासमोर हात जोडले आणि बसून टाइप केलं, "या, जेवा." कुंपण नाही, पहारा नाही, पेट्या उघड्या. एवढ्या उघडपणे त्या वाळवंटात कोणी कधी बसलं नसावं. लुटारूंना वाटलं सापळा आहे. दहा मिनिटं ते कोपीभोवती नुसते गोल गोल फिरत राहिले. साडू खूश होऊन म्हणाले, "बगा, परदक्षिना घालायलेत." मग एकानं धीर करून पेटीला हात लावला, आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी अन्न नेलं, पाणी नेलं, टाक्या नेल्या आणि शेवटी कोपही तुकडा तुकडा करून उचलली. मी "अहो, थांबवा, थांबवा" म्हणत होतो. साडू मात्र एका बोटानं टाइप करत होते, "घ्या. पोटभर घ्या. लाजू नका." आतून अक्कांनी विचारलं, "किती पानं झाली?"

"चोवीस!" साडूंचा चेहरा काय फुलला होता! "चाकूरला कदी एवडे आले न्हवते."

शेवटी वाळूत ते पाच दगड तेवढे उरले. खेळात दगडाला काही भाव नाही. गाड्या निघून गेल्या, पण एक लुटारू मागे थांबला. थोड्या वेळानं त्याचे शब्द उमटले. साडूंनी ते मोबाइलवर मराठीत केले आणि मोठ्यानं वाचले: हे काय होतं? पुन्हा कधी असतं?

"वर्सातनं एकदाच," साडूंनी कळवलं.

पुढच्या वर्षी येऊ का, त्यानं विचारलं. तुझं शेत तेव्हा इथंच असेल ना?

साडूंनी चष्मा नीट केला. 'शेत कुठं जातंय' एवढं टाइप केलं आणि त्यांचं बोट थांबलं. मी ताटाकडे बघत बसलो. मग त्यांनी एकेक अक्षर खोडलं, सगळं खोडलं, आणि 'ये' एवढंच लिहून पाठवून दिलं.