पद्मिनीच्या नावाची नक्कल

म्हैसूरच्या एका रक्तपेढीचा डेटाबेस सोमशेखर बावीस वर्षं सांभाळत होते. माणूस गरीब स्वभावाचा, पण स्वतःची चूक कबूल करायची म्हटलं की जिवावर यायचं. त्या रविवारी सकाळी जुन्या सर्व्हरवरून नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवर सगळ्या नोंदींची नक्कल चालू होती आणि जुन्याची डिस्क भरत चालली होती. ती भरली की सगळं ठप्प. कुठल्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे एकाही इस्पितळाला कळलं नसतं.

"सर, ब्याण्णव टक्के," चार महिन्यांपूर्वी आलेली रेवती म्हणाली.

सोमशेखरांनी नकलेचा वेग कमी केला. जुने अहवाल पुसले. आकडा खाली येईना.

"सर, तीन नकला आपल्याकडून नोंदी घेतात. नवा सर्व्हर, मंड्या गावचं केंद्र, आणि हे 'पद्मिनी' काय आहे? चार महिने बंद! ती उचलत नाही म्हणून तिच्या वाट्याच्या नोंदी आपल्याच डिस्कवर साठून राहिल्यात. बंद पडलेली यादीत ठेवायचा हा शहाणपणा केला कुणी?"

"मी," सोमशेखर म्हणाले.

जो नक्कल उभी करील त्याचंच नाव तिला, अशी पेढीची रीत. पद्मिनी अकरा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसायची. अपग्रेडच्या दिवशी डबाभर चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आणायची. "आधी खा सोमण्णा. उपाशीपोटी भलतंच काहीतरी पुसून बसाल." उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आठवड्यात ती देवाघरी गेली, आणि तिचं जुनाट मशीनही त्याच महिन्यात भंगारात गेलं. यादीतून नाव काढायचं तेवढं राहिलं. सोमशेखरांचा हात धजेना. काम वाढलंय असं वर सांगून त्यांनी दोनदा डिस्क वाढवून घेतली. आजही दुखणं कुठे आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

"पंच्याण्णव, सर." रेवतीचा आवाज उतरला होता. "मी काढू का?"

"नको गं. तिचं मीच काढतो."

त्यांनी नाव काढायची एक ओळ लिहिली. निदान एकदा तरी 'नक्की?' असं मशीन विचारेल, तेवढ्यात हात मागे घेता येईल, असं त्यांना वाटत होतं. मशीनने काही विचारलं नाही. थोड्या वेळात आकडा चाळिसावर आला. एका इस्पितळाचा फोन आला. "ओ निगेटिव्ह? आहेत, दोन पिशव्या," रेवतीने सांगितलं.

मग तिने उप्पिटाचा डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी खा, सर."

तेव्हा मात्र सोमशेखरांना रडू आवरलं नाही.