धष्टपुष्ट मेंढरांचं काय करायचं?

“या वाक्याला माझा हात लागणार नाही,” असं म्हणून दामलेशास्त्री उठले आणि टोपी शोधू लागले. टोपी डोक्यावरच होती. हॉब्सन साहेब हसले, आणि तिथेच बिनसलं.

मी तेव्हा बायबलच्या जुन्या कराराच्या मराठी भाषांतर समितीचा सेक्रेटरी होतो. साहेब हिब्रू पाहायचे, शास्त्री मराठी पाहायचे आणि मी दोघांचे रुसवे काढायचो. हे शेवटचं काम नेमणुकीच्या कागदात नव्हतं. उन्हाळ्यात आमची बैठक भोरला एका रिकाम्या बंगल्यात भरे. त्या वर्षी यहेज्केल संदेष्ट्याचा चौतिसावा अध्याय चालला होता. त्यात देव सांगतो की, नालायक मेंढपाळांच्या हातून कळप काढून घेऊन मी स्वतःच तो राखीन. हरवलेलं शोधीन, मोडलेलं बांधीन, आजाऱ्याला बळ देईन. आणि धष्टपुष्ट मेंढरांचं काय करीन? हिब्रू पोथी म्हणते, ‘त्यांचा नाश करीन.’ जुनं ग्रीक भाषांतर म्हणतं, ‘त्यांना सांभाळीन.’ जुनी सुरियानी आणि लॅटिन भाषांतरंही ग्रीकच्याच बाजूला.

छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवत. ही दोन हिब्रू क्रियापदं दिसायला जवळजवळ सारखी. उतरवणाऱ्या कुणाचा तरी डोळा चुकला असणार. पण कुणाचा, ते आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा फरकाला पाठभेद म्हणतात.

“राखणाराच आपली चांगली मेंढरं मारील? तो काय कसाई आहे?” शास्त्री म्हणाले.

“हिब्रूत आहे ते आहे, शास्त्रीजी. आवडलं नाही म्हणून बदलू?”

“मग ग्रीकवाल्यांना काय स्वप्न पडलं होतं?”

मी मध्ये तोंड घातलं. “त्या मृत समुद्राकाठच्या गुहेत गुराख्यांना जुन्या पोथ्या सापडल्यात. हा अध्याय तिथे निघतो का, वाट पाहू या?” दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने कागद आवरायला घेतले.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. शास्त्री गेले असते तर सगळं काम बुडालं असतं. साहेबांचं मराठी व्याकरणशुद्ध होतं, पण खडे न निवडलेल्या भातासारखं लागे. माझं मराठी तर शास्त्रींनीच सुधारून घेतलेलं.

आमचा एक रिवाज होता. अध्याय प्रेसला जाण्याआधी तो न शिकलेल्या माणसांना वाचून दाखवायचा आणि कळतो का ते पाहायचं. मेंढरांचा अध्याय मेंढरं राखणाऱ्यांनाच दाखवायचा, हे ठरलेलं होतं. “एवढं वाचन होऊ द्या, मग खुशाल जा,” असं म्हणून मी शास्त्रींना जीपमध्ये बसवलं. वेल्ह्याला चहा प्यायलो, तो दोघांनी बाकाच्या दोन टोकांना बसून. पुढे पायी चढ होता.

तोरण्याच्या अंगाला धनगरांची एक वस्ती होती. तिथल्या धोंडिबांनी आणि त्यांच्या बायकोने, सखूबाईंनी, आम्हाला झाडाखाली घोंगडं अंथरून दिलं. आणखी चार माणसं जमली. मी वाचू लागलो. मोडक्या पायाला पट्टी बांधण्यापाशी सगळ्यांनी माना डोलावल्या. वादाच्या जागी आल्यावर मी दोन्ही पाठ सांगितले.

“नाशच करावा!” धोंडिबा लगेच म्हणाले. “जाडं मेंढरू लई वंगाळ. आपण पितंय आन् पाणी तुडवून ठिवतंय. दुबळ्याला हुंदाडतंय.”

साहेब गुडघ्यांवर उभेच राहिले. अध्यायाच्या पुढच्याच, अजून न वाचलेल्या वचनांत ती मेंढरं पाणी तुडवतात आणि दुबळ्यांना ढकलतात.

“व्हय, मारा!” सखूबाई उसळल्या. “जाडा मेंढा नसता तर औंदा येवढी कोकरं कुठनं आली असती? त्याला सांबाळायचाच.”

आता शास्त्रींचा चेहरा खुलला. मग जे भांडण पेटलं ते काय सांगू! निम्मी वस्ती हिब्रूकडे, निम्मी ग्रीककडे. अध्याय अर्धाच राहिला.

तेवढ्यात मेंढरांना पाणी दाखवायची वेळ झाली. नवरा-बायको भांडत-भांडतच उठले. पाणवठ्यावर धोंडिबांनी दुबळी आणि व्यालेली मेंढरं पुढे घेतली. सखूबाई जाड्या मेंढ्याची शिंगं धरून मागे उभ्या राहिल्या. दुबळी पिऊन झाल्यावर त्यांनी मेंढा सोडला. एवढा वेळ दोघं पाण्याच्या अल्याड-पल्याडून तावातावाने बोलतच होते.

शास्त्रींना राहवेना. “बाई, तुमचं दोघांचं एवढं पटत नाही, मग कळप राखता कसा?”

“त्यात काय, बुवा? ह्येंचं म्हननं येगळं, माजं येगळं. मेंढरं येकच हायती न्हवं?”

उतरून जीपपाशी आल्यावर साहेब म्हणाले, “शास्त्रीजी, वर माझं, खाली टिपेत तुमचं. चालेल?”

“टिपेचा टाईप फार बारीक असतो.”

“मोठा घेऊ.”

“मग बसा जीपमध्ये. अंधार पडायच्या आत पुढचा अध्याय काढू.”

मला इतकं हलकं वाटलं की कापूरहोळला मी दोघांना माझ्या खर्चाने भजी खाऊ घातली.

अध्याय तसाच छापला. वर ‘नाश करीन’, खाली ‘प्राचीन भाषांतरांत: सांभाळीन’. शास्त्री शेवटच्या संदेष्ट्याच्या पुस्तकापर्यंत आमच्याबरोबर राहिले. मी एवढंच शिकलो की, मिटत नसलेला पाठभेद मिटवायला जाऊ नये. दोन्ही एकाच पानावर ठेवावेत. पान फाटत नाही.

पुस्तकाची पहिली प्रत आली तेव्हा शास्त्रींनी आधी ती टीप काढून वाचली. चष्मा न लावता.