माळावरची चूल

"आई, या माळावर माणसानं राहावं असं आहे तरी काय?"

माझा मुलगा बेळगावहून आला की बूट काढता काढता पहिलं हेच विचारतो. कचेरीत नोकरी आहे त्याची, दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे, दारात नळ आहे. मग एकेक बोट दुमडत सांगायला लागतो. पाणी लांब. रस्ता धड नाही. डॉक्टर निपाणीला, बाजार निपाणीला. पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ. "इथं राहणं परवडतं कसं तुला?"

परवडतं म्हणे! लढाईच्या वर्षांत हाच शहाणा पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभा होता, आणि त्याच्या घरी जोंधळा जात होता तो माझ्या या माळावरून. आम्हाला रॉकेल मिळेना, तर आम्ही दिवस मावळायच्या आत जेवलो आणि आडवे झालो. काही बिघडलं नाही. आता स्वराज्य आलंय, तरी याचं आपलं तेच, चल माझ्याबरोबर. बेळगाव काही वाईट नाही आणि सूनही गुणाची आहे. पण राहण्याला काय पडतं याचा जो हिशेब तो मला सांगतो ना, तो मुळातच चुकीचा आहे. त्याला आयुष्यात कधी मीठ विचारून घ्यावं लागलेलं नाही. मला लागलंय. माझ्या आईला तर लईच लागलंय.

माझे वडील पिलेगात गेले. आधीच्या साथीत, मी रांगत होते तेव्हा. आम्ही राहिलो चुलत्याच्या घरात. त्याला मी आप्पा म्हणायची. घर मोठं होतं, दाण्याची कणगी कधी तळाला जात नव्हती. आमच्याकडून कुणी भाडं घेत नव्हतं, आणि गावातले लोक आईला म्हणायचे, नशीब काढलंस बाई, एकत्र घर आहे, स्वस्तात निभावतंय. स्वस्तात! त्या घरात आई दिवसभर एकच काम करायची, ते म्हणजे विचारायचं. "आक्का, मीठ घेऊ?" "आक्का, पोरीच्या डोक्याला तेल लावू?" "आक्का, जरा पाठ टेकू?" आक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, माझी काकी. काकी कधी घे म्हणायची, कधी ऐकूच आलं नाही असं करायची. पीठ ती मापानं काढून द्यायची आणि आई सगळ्यांच्या मागून जेवायची, तव्यावर उरलं तर. मी काकीचा मनापासून राग राग करायची. ते माप तिच्या हातात कुणी दिलं होतं, हे कळायचं माझं वय नव्हतं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हा गावात पुन्हा उंदीर मरून पडायला लागले. उंदीर पडले की गाव सोडायचं, हे तोवर लहान पोराला पण ठाऊक झालं होतं. पाटलानं दवंडी दिली. लोकांनी घराची कौलं काढून ठेवली, म्हणजे आत ऊन पडेल, आणि सगळं गाव गायरानाच्या माळावर आलं. कडब्याच्या, उसाच्या पाचटाच्या खोपी उभ्या राहिल्या. आप्पाला रोगाची भारी धास्ती. एकाला झालं तर सगळ्यांना नको, म्हणून त्यानंच हुकूम सोडला की, ज्याची त्याची खोप वेगळी, ज्याची त्याची चूल वेगळी. आमच्या वाट्याला जोंधळ्याचं एक पोतं, एक तवा, एक घागर आणि मिठाचं एक गाडगं आलं.

आईनं तीन दगड मांडले. पहिली भाकरी फुगली, तिनं ती तव्यावरनंच मोडली, अर्धी मला दिली आणि अर्धी तिथंच बसून स्वतः खाल्ली. गरम. वाफ येत होती. मग तिनं गाडग्याचं झाकण काढलं आणि चांगलं चिमूटभर मीठ घेतलं, आणि माझ्याकडं बघून हसायला लागली. मी तिला हसताना बघितलेलं नव्हतं. मला वाटलं हिला पिलेगच झाला.

गाव तिकडं मरणाच्या भीतीनं गळाठलेलं आणि माझी आई माळावर सुखात होती! ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं सांगायला मला कुणाची चोरी आहे? वारा होता, काटे होते, एकदा अंथरुणात विंचू निघाला. पाणी शेजारच्या जैन शेतकऱ्याच्या विहिरीवरनं आणायचं. म्हातारा कानडी बोलायचा. पहिल्या दिवशी आई घागर घेऊन बांधावरच थांबली, घेऊ का विचारायला. तो म्हणाला, "तगो तंगी, तगो." घे बहिणी, घे. परत विचारलंस तर मला राग येईल, असंही म्हणाला. त्याच्याच तंबाखूच्या रानात आई शेंडे खुडायला जायला लागली, आणि आलेल्या मजुरीतनं तिनं माझ्या डोक्याला इतकं तेल लावलं की ते कानशिलावरून ओघळलं.

मग रोग हटला. पाटलानं पुन्हा दवंडी दिली की परवा गावात शिरायचं. शिरायचीही रीत होती आमच्याकडं. माळावरची प्रत्येक खोप मोडायची, प्रत्येक चूल पाण्यानं विझवायची. एकही चूल मागं पेटती ठेवायची नाही, नाहीतर रोग त्या धुराच्या मागानं परत येतो. मग देवीच्या देवळात पेटवलेला नवा विस्तू प्रत्येक बाईनं खापरात घ्यायचा आणि त्यावर घरची चूल पेटवायची.

त्या सकाळी जिकडं तिकडं खोपी मोडायची घाई चाललेली. आमची खोप उभीच होती, आणि आई भाकरी थापत होती.

काकी आली. "अगं, खोप मोडीना झालीस?"

"मोडायची न्हाय, आक्का."

"म्हंजे?"

"मी हितंच ऱ्हाणार."

काकीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं हाक मारायच्या आधीच आप्पा आला, मग त्याचा आवाज ऐकून चार म्हातारे आले, शेवटी पाटील आला. आप्पा नुसता तणतणत होता, लोक मला काय म्हणतील, भावाच्या बायकोला माळावर टाकलं म्हणतील! आई त्याच्यापुढं कधी तोंड उघडत नसे. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती पाटलालाच म्हणाली, "पाटील, गायरान गावाचं हाय, कुणा एकाचं न्हाय. मी गावची हाय का न्हाय?"

पाटील तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "हाईस की. पर चुलीचं काय? एक चूल मागं ऱ्हायली आनि रोग फिरून आला तर? गावातली पोरं तुझ्यापायी मरू देत व्हय?"

हे मात्र आईला लागलं. तिचा नवराच त्या रोगानं नेला होता. बाकीचे सगळे आमच्याकडं असे बघत होते की मला धडकी भरली. मग आई उठली, घागर उचलली आणि चुलीवर ओतली. चर्र झालं, राख उडाली. अर्धी कच्ची भाकरी तव्यावर तशीच भिजली.

"आली वाटंवर," आप्पा म्हणाला.

मी भोकाड पसरलं. मला तेलाची आठवण झाली, गरम भाकरीची झाली, आणि त्या घरातल्या गोठ्याशेजारच्या आमच्या खोलीची झाली. आईचा इतका राग आला की तिनं धरलेला हात मी हिसडून टाकला. तिनं कुणाच्या तरी फुटक्या घागरीचं एक खापर उचललं, त्यात शेणीचा तुकडा ठेवला आणि गावाच्या बायकांबरोबर देवळाकडं चालायला लागली. मी मागं रडत.

देवळात बायकांची रीघ लागली होती. एकेक पुढं व्हायची, गुरव चिमट्यानं निखारा खापरात टाकायचा. काकीनं आमच्या घरचा विस्तू घेतला. मागोमाग आईनं आपलं खापर पुढं केलं.

"तुमच्या घरचा गेला की," गुरव म्हणाला.

"त्यो त्यांचा. ह्यो माझ्या चुलीचा."

गुरव घुटमळला. मागच्या बायका ढकलायला लागल्या, आणि देवीच्या दारात विस्तू मागणाऱ्या बाईला नाही म्हणायचं तरी कसं? त्यानं निखारा टाकला. आई बाहेर आली. देवळापुढं रस्ता फुटतो, डावीकडं आप्पाची गल्ली, समोर वेस. काकी डावीकडं वळली. आई सरळ चालायला लागली. वारा लागून निखारा विझू नये म्हणून तिनं पदराचा आडोसा धरला होता, आणि ती अशी झपाझपा चालली होती की मला पळावं लागलं. माझं रडणं कुठल्या कुठं गेलं. माझ्या ध्यानात आलं होतं!

सगळ्यांच्याच आलं. आम्ही खोपीशी पोचल्यावर थोड्याच वेळात आप्पा, पाटील आणि अर्धं गाव आमच्या मागं आलं. तोवर आईनं ओली राख उपसून टाकली होती, कोरडं चिपाड घातलं होतं आणि फुंकून जाळ केला होता. ती चुलीच्या एका बाजूला उभी राहिली. पदर खांद्यावर आला होता, तो तिनं डोक्यावर घेतला नाही.

"रीत सांगितलीसा, ती मी पाळली," ती म्हणाली. "जुनी चूल इझली. ह्यो देवीचा इस्तू हाय, तुमच्या समद्यांच्या घरात पेटलाय त्योच. आता इझवायचा असंल तर मी न्हाय इझवणार. या, कोन येतंय? आपल्या हातानं इझवा."

कुणी हललं नाही. आप्पा एक पाऊल पुढं आला. आई त्याच्याकडं सरळ बघत होती, आयुष्यात पहिल्यांदा. काकीनं मागून त्याची बाही धरली, आणि तो तसाच उभा राहिला.

पाटलानं मुंडासं काढून डोकं खाजवलं. "बाई, तू लई पोचलेली हाईस," तो म्हणाला. "ऱ्हा जा. पर उद्या वारं आलं, आजार आला, तर गावाच्या नावानं बोंब मारायची न्हाय."

"आनि माझ्या घरातनं दाणा मिळायचा न्हाय!" आप्पा ओरडला.

"मागितला कुनी?" आई म्हणाली.

आता मुलगा बोटं दुमडून जे सांगतो ते सगळं आम्ही भोगलंय. पहिल्याच पावसात खोपीचं छप्पर उडालं, आणि आम्ही दोघी घोंगडं घेऊन चुलीवर ओणव्या बसलो, आम्ही भिजलो पण चूल भिजू दिली नाही. मला ताप भरला तेव्हा औषधाला विचारायला शेजारी घर नव्हतं. कानडी म्हातारा काढा घेऊन आला तेव्हा मी उठून बसले. पुढं आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जायची, ती खोकत परत यायची, आणि तो खोकला शेवटपर्यंत गेला नाही. हे पडलं आम्हाला माळावर राहायला. स्वस्त पडलं असं मी कधी म्हटलेलं नाही. फक्त काय द्यायचं ते आम्ही ठरवलं आणि आम्हीच दिलं, आणि त्याचा मला आजसुद्धा माज आहे. असू दे.

आईनं पुढं मातीच्या भिंती घातल्या, मी लग्न झाल्यावर नवऱ्यालाच माळावर आणलं. पण ते नंतरचं. त्याआधी, खोपच होती तेव्हा, उंदीर परत पडले. रोग आमच्या चुलीच्या धुराच्या मागानं आला असं म्हणायला आप्पा तयारच होता, पण या खेपेला तो वरच्या गावांतनं आला होता आणि हे सगळ्यांना माहीत होतं. गाव पुन्हा माळावर आलं. त्यांना खोपी बांधायच्या होत्या, आम्हाला नव्हत्या. दिवसभर वळवाचा पाऊस झोडपत होता, कडबा भिजला, काड्यापेट्या भिजल्या, कुणाची चूल पेटेना. त्या सबंध माळावर धूर निघत होता तो एका आमच्या खोपीतनं.

संध्याकाळी दाराशी काकी उभी होती. वाळलेली, चिंब भिजलेली, हातात खापर. आत येईना. आईनं वर बघितलं, आणि मला वाटलं आता मजा येणार. मी अगदी सावरून बसले. इतकी वर्षं मीठ मागायला लावलंय हिनं, आता हिला मागू दे की!

काकी खाली मान घालून म्हणाली, "इस्तू घेऊ काय गं?"

तो आवाज मी ओळखला. तोच होता, आईचा. आप्पापुढं काकी रोज याच आवाजात बोलत असणार, पीठ काढू का, तेल काढू का. आम्ही मागच्या खोलीत असायचो म्हणून मला कधी ऐकू आला नव्हता.

आईनं तिला दुसऱ्यांदा विचारू दिलं नाही. "आक्का, हितं इचारायचं न्हाय," ती म्हणाली. "आत ये."

काकी आली आणि चुलीपुढं बसली. आईनं तव्यावरची भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली आणि मिठाचं गाडगं तिच्याकडं सरकवलं. काकीनं एकदा आईकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग झाकण काढून तिनं चिमूटभर मीठ घेतलं. थांबली. कुणी काही बोलेना, तेव्हा तिनं गाडग्यात परत हात घातला.